नाव होणं आणि नाव लागणं : वाचकांची पत्रं, गिटारवाल्याची उत्तरं

गेल्या अंकात मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, रॉक म्युझिक आपल्या कानाला वाटतं तितकं परकं नाहीये. दुसरी, पोराला म्युझिक इंडस्ट्रीत उतरवायचं असेल तर गिटारच्या आधी त्याला सही कुठे करायची नाही ते शिकवा. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादकांनी मला पानं वाढवून दिली. मी गोव्यातल्या फोंड्याचा, तीसेक वर्षं गिटार वाजवतोय, लग्नात वाजवली, हॉटेलात वाजवली, जत्रेच्या नाटकात ऑर्गनच्या शेजारी बसून वाजवली, आता पोरांना शिकवतो, त्या अनुभवावर जे वाटतं ते सांगतोय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून कळवलंय, म्हणून फक्त गावं दिलीयेत.

डिचोली : दादा, आमचा कॉलेजचा चार जणांचा बँड आहे. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि माझी गिटार सुरू झाली की म्हणतात हे संगीत नव्हे, पत्रा कापायचं मशीन आहे. डिस्टॉर्शन म्हणजे काय ते त्यांना कसं समजावू? आणि खरंच हे आपलं संगीत आहे का?

बाबा पेटी वाजवतात म्हणजे त्यांचा कान तयार आहे, त्यांना समजावणं सोपं आहे, फक्त इंग्लिश शब्द वापरू नकोस. त्यांना घेऊन एखाद्या गाणाऱ्याच्या घरी जा आणि तंबोरा लावताना बघा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो, तो अगदी केसभर पुढे-मागे सरकवतात, आणि एका जागी आला की मघापर्यंत नुसती टण् टण् करणारी तार एकदम झणझणायला लागते, अख्खी खोली भरते. जवारी लागली म्हणतात त्याला. ती झणझण म्हणजे त्या एका सुराच्या पोटातून निघणारे वरचे सूर. आता गिटारच्या अँपला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात भरले जातात, डिस्टॉर्शन म्हणतात ते हेच. तंबोऱ्यात हे काम घोडी आणि धागा करतात, इथे अँपमधला वाल्व्ह किंवा पायानं दाबायचं पेडल करतं, पद्धत वेगळी आहे पण कानाला जो भरलेपणा हवा असतो तो तोच. इंग्लंडच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ साली तसा आवाज मिळावा म्हणून आपल्या अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं फाडला होता, म्हणजे माणूस त्या झणझणीसाठी काय काय करतो बघ.

पुढचं तर बाबांना नक्की सांग. डिस्टॉर्शन लावून पूर्ण कॉर्ड (सा, ग, प असे सूर एकदम) वाजवली तर सगळ्या सुरांचे उपसूर एकमेकांत गुंततात आणि नुसता चिखल होतो, म्हणून रॉकवाले कॉर्डमधला गंधार काढून टाकतात. मग उरतं काय? सा आणि प. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. आणि तंबोऱ्यात काय लावतात? बहुतेक वेळा सा आणि प. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी क्लास थांबवून पोरांना दोन्ही ऐकवलं होतं, आधी मोबाईलवरचा तंबोरा आणि मग त्याच पट्टीत गिटार.

आपलं आहे का, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे आणि ते मी सगळ्यांना सांगतो. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक-एक तबकडी आहे, तिच्यात पृथ्वीवरच्या संगीताचे २७ तुकडे आहेत. त्यात चक बेरीचं 'जॉनी बी गुड' आहे, ते रॉक अँड रोलच्या पायातल्या दगडांपैकी एक. आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. केसरबाई म्हणजे आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या, १८९२ चा जन्म. निवडणाऱ्यांनी दोघांना एकाच तबकडीवर बसवलं, कुणाला वरची कुणाला खालची म्हटलं नाही, आणि दोघं आज सूर्यमालेच्या टोकाला बरोबर चाललेत. बाबांना विचार, मग आपल्या घरात एका खोलीत पेटी आणि दुसऱ्या खोलीत गिटार का राहू शकत नाही.

फक्त एक विनंती आहे. घुमट घालून फ्यूजन करायचं डोक्यात असेल (तुझ्या पत्रात शेवटी उल्लेख आहे) तर आधी दोन वर्षं चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीत बसून घुमट वाजव. २०१९ ला सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं आणि तेव्हापासून जो तो स्टेजवर एक घुमट ठेवतो, पण मातीच्या त्या मडक्यावर डाव्या हातानं मागचं तोंड झाकून-उघडून जो घुमारा काढतात तो माईकसमोर दोन दिवसांत जमत नाही. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता कायद्यानं बंदी आहे म्हणून बकऱ्याचं लावतात, त्याचा ताण दमट हवेत उतरतो, शेकायला लागतो. हे सगळं शिकून मग बँडमध्ये आण. नुसतं दिसायला आणलंस तर ड्रमरच आधी त्याला गिळून टाकेल.

कुडचडे : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, इलेक्ट्रिक गिटार शिकायची म्हणून हट्ट धरून बसलीय. घरचे म्हणतात रॉकवाले सगळे ड्रग्ज घेतात आणि सत्ताविसाव्या वर्षी मरतात. मला तिला नाही म्हणवत नाही, पण भीती वाटते. काय करू?

ताई, भीती वाटणं बरोबर आहे, पण भीती चुकीच्या जागी आहे. जिमी हेन्ड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० ला गेले, जिम मॉरिसन १९७१ ला, कर्ट कोबेन १९९४ ला, एमी वाइनहाउस २०११ ला, आणि सगळी २७ वर्षांची होती हे खरंय, त्यामुळे तो आकडा लोकांच्या डोक्यात घट्ट बसलाय. पण २०११ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ब्रिटनमध्ये नंबर एकवर गेलेल्या अल्बमच्या कलाकारांवर, त्यात सत्ताविसाव्या वर्षी काही वेगळं होत नाही असंच निघालं. मात्र त्याच अभ्यासात हेही निघालं की विशी-तिशीतल्या प्रसिद्ध कलाकारांना बाकीच्या लोकांपेक्षा मृत्यूचा धोका दोन-तीन पट जास्त होता. म्हणजे आकड्याचं सोडून द्या, पण प्रसिद्धीच्या बरोबर जे येतं ते खरं आहे.

आणि ते काय असतं हे मी किनाऱ्याच्या पट्ट्यात वाजवताना बघितलंय, त्याला जगप्रसिद्ध व्हावं लागत नाही. कार्यक्रम रात्री संपतो, अंगात करंट असतो, झोप येत नाही, जेवण थंड झालेलं असतं, आणि मालक पैशांचं उद्या बघू म्हणतो पण ड्रिंक लगेच पाठवतो. पैसे उद्या आणि दारू आत्ता. हे रोज झालं की काय होतं? माझ्याबरोबरचा एक ड्रमर होता, त्याच्याइतका सरळ ठेका मी नंतर कुणाचा ऐकला नाही, तो चाळिशी बघू शकला नाही. त्याला रॉकनं मारलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला कुणी वेळेवर पैसे आणि गरम जेवण दिलं असतं आणि घरी सोडलं असतं तर तो आज माझ्या शेजारी बसून वाजवत असता.

मुलीला गिटार घ्या. तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला घरचं कुणीतरी जा, पहिली काही वर्षं तरी, आणि मागे उभं राहून ऐका, तिच्यावर लक्ष ठेवायला नव्हे तर तिला दिसायला पाहिजे की आपली माणसं ऐकतायत. तो रॉक गायक मिक जॅगर १९४३ चा आहे, त्याच्या रोलिंग स्टोन्स बँडनं २०२३ ला नवा अल्बम काढला. घरच्यांना तेही सांगा.

कळंगुट : हॉटेलात वाजवतो. रोज चार तास तीच इंग्लिश गाणी. स्वतःची गाणी वाजवायला लागलो की मॅनेजर डोळे वटारतो. मुंबईला जाऊ का?

आधी चार तासांबद्दल. त्याला शिव्या देऊ नकोस. बीटल्स १९६० ते ६२ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्रीच्या रात्री दुसऱ्यांची गाणी वाजवत होते आणि त्यातच ते घडले, आणि तरीसुद्धा १९६२ च्या जानेवारीत डेक्का कंपनीनं त्यांची टेस्ट घेऊन नको म्हणून सांगितलं. तासाला एक गाणं स्वतःचं, मध्येच, कुणाला न सांगता वाजव. लोकांनी चमचे ठेवून वर बघितलं तर ते गाणं ठेव, नाही बघितलं तर घरी जाऊन दुरुस्त कर. फुकटचा एवढा ऐकणारा तुला दुसरीकडे मिळणार नाही.

मुंबईला जायचं तर जा, पण गेल्याशिवाय होत नाही हे डोक्यातून काढ. शिवोलीच्या गायक रेमो फर्नांडिसनं १९८४ ला 'गोवन क्रेझी' काढला तो घरी बसून, चार ट्रॅकच्या (चार आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या) मशीनवर, वाद्यंही स्वतः वाजवून, आणि कॅसेट स्वतः स्कूटरवरून दुकानांत नेऊन दिल्या. पुढे मुंबईनं त्याला बोलावलं. २००७ ला पद्मश्री. आज तुझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये त्या मशीनपेक्षा कितीतरी जास्त ट्रॅक आहेत.

आणि उघड्यावर वाजवत असाल तर १० वाजता बंद करा. कायदा साधा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. गावात कुणाची म्हातारी आजारी असते, कुणाच्या पोराची परीक्षा असते, आणि मग लोक संगीतावर चिडतात, मालकावर नाही.

गिरगाव, मुंबई (मूळ म्हार्दोळ) : मी ८१ वर्षांचा आहे. तरुणपणी रेकॉर्डिंग स्टुडिओत बरंच जाणं-येणं होतं. व्हायोलिनच्या रांगा आणि ट्रम्पेटवाले बघावे तर निम्मे आपले गोवेकर. आज त्यांचं नावसुद्धा कुणी घेत नाही. तुमच्या पिढीला हे माहीत आहे का?

काका, नमस्कार. तुमचं पत्र मी क्लासमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. माहीत आहे, पण पुरेसं नाही, म्हणून इथे थोडं लिहितो म्हणजे पोरं वाचतील.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचे, अक्षरं शिकवतात तसं. त्यामुळे मुंबईत बोलपट आले आणि मोठे वाद्यवृंद लागायला लागले तेव्हा कागदावर लिहिलेलं बघून पहिल्याच फटक्यात वाजवणारी माणसं पाहिजे होती, ती गोव्यातून मिळाली. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, आणि मग चाळीस व्हायोलिन काय वाजवतील, मधल्या जागेत ट्रम्पेट काय बोलेल, हे लिहायचं काम अरेंजरचं. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. हळदोण्याचे आंतोनियो वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणून ओळखायचं, ते सी. रामचंद्रांकडे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू, आणि प्यारेलालनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव गाण्यात घातलं. अख्खा देश ते नाव गुणगुणला आणि लोकांना वाटलं ते पात्राचं नाव आहे. खरा माणूस व्हायोलिन वाजवायचा हे बहुतेकांना ठाऊकच नाही.

तबकडीवर संगीतकाराचं, गाणाऱ्याचं, गीतकाराचं नाव असायचं. वाजवणाऱ्यांचं आणि लिहिणाऱ्यांचं नसायचं. काका, मला यातलं सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? त्यांना प्रसिद्धी मिळाली नाही हे नाही लागत, त्यातले कित्येक प्रसिद्धीच्या मागे नव्हतेच, महिन्याचे पैसे गावी पाठवून घर बांधलं की समाधानी होते. लागतं हे की त्यांच्या नातवंडांना आज गाणं लागल्यावर ठामपणे म्हणता येत नाही की हा तुकडा आमच्या आजोबांचा. कागदच नाही कुठे. तुमच्याकडे जुने फोटो, नोटेशनचे कागद, काही असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलनं नावं लिहून ठेवा. कोण कुठे उभा आहे ते. हे तुम्हीच करू शकता.

मडगाव : आमच्या बँडचं एक कोकणी-मराठी मिक्स गाणं जरा चाललंय. मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला, एकरकमी पैसे देतो, गाणं कायमचं आमचं, म्हणाले. कागद पाठवलाय, १४ पानांचा. बाकीचे तिघं सही करायला निघालेत, मी एकटा अडून बसलोय. माझं चुकतंय का?

नाही चुकत. अडून बस. आणि मी का म्हणतो ते आधी सांगतो मग कायद्याचं बोलू.

१९९७ ची गोष्ट आहे. एका कॅसेट कंपनीसाठी (नाव लिहीत नाही) मी आठ गाण्यांत गिटार वाजवली आणि त्यातल्या दोन गाण्यांच्या चाली माझ्या होत्या, पूर्ण माझ्या, एक तर मी फेरीबोटीत बसून केली होती. शेवटच्या दिवशी स्टुडिओच्या बाहेर त्यांच्या माणसानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला, पाऊस यायला लागला होता, तो म्हणाला लवकर कर भिजेल. मी सही केली. पाकिटात तीन हजार होते. तेव्हा तीन हजार म्हणजे मला खूप वाटले, खोटं नाही सांगत, मी येताना आईला साडी घेतली.

चवथीच्या आधी कॅसेट बाजारात आली. मी विकत घेऊन घरी आणली. आईनं हात पुसले, चष्मा लावला, कव्हरमधला तो घडी केलेला कागद बाहेर काढून उलगडला आणि ओळ ओळ बोटानं वाचायला लागली. गायक, गायिका, संगीत, निर्मिती, आभार, आभारात तर चहावाल्याचंसुद्धा नाव होतं. मग तिनं कागद उलटा केला, मागे गाण्यांची यादी होती, तीही वाचली. परत पुढची बाजू. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं नाव कुठाय रे?" मी म्हटलं राहिलं असेल. ती काही बोलली नाही, कागद होता तसा घडी करून आत ठेवला. ते गाणं पुढे चार-पाच वर्षं लग्नात वाजत होतं, मी स्वतः वाजवलंय, लोक येऊन सांगायचे अमक्याचं ते गाणं वाजवा, आणि मी माझीच चाल दुसऱ्याच्या नावानं वाजवायचो.

तेव्हापासून मी पोरांना सांगतो की नाव होणं वेगळं आणि नाव लागणं वेगळं. नाव होणं आपल्या हातात नाही, लोक, नशीब, वेळ, कोण जाणे काय काय लागतं. नाव लागणं हे कागदावर असतं, आणि कागद सहीच्या आधी आपल्या हातात असतो. तुमचा आत्ता हातात आहे.

आता कायदा. मी वकील नाही, कागद वकिलाला दाखवाच, त्याची फी चौघांत वाटून घ्या. पण एवढं समजून घ्या की गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे चाल आणि शब्द. दुसरी म्हणजे ते रेकॉर्डिंग. चाल-शब्दांवरचा हक्क करणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे तुमची नातवंडंसुद्धा त्यात आली. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. कंपनी 'गाणं' म्हणते तेव्हा यातलं कुठलं, हे विचारा. बहुतेक वेळा त्यांना दोन्ही हवं असतं आणि पैसे एकाचेच देतात.

दुसरं, हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनंच देता येतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणूनच ते 'कायमचं' आणि 'संपूर्ण जगासाठी' असं लिहून घेतात, तो शब्द शोभेसाठी नसतो. आणि २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत असताना त्यांनी त्यासाठी बरीच झुंज दिली, त्यानंतर चाल आणि शब्द करणाऱ्याचा रॉयल्टीतला (गाणं वाजलं की मिळणाऱ्या पैशातला) समान वाटा त्याला स्वतःलासुद्धा सोडून देता येत नाही, वारस किंवा रॉयल्टी गोळा करणारी संस्था सोडून कुणाला देता येत नाही. म्हणजे चौदा पानांत कुठे 'यापुढे रॉयल्टी मागणार नाही' असं असेल तर त्यावरच बोट ठेवा. आयपीआरएस ही अशीच रॉयल्टी गोळा करणारी संस्था १९६९ पासून आहे, चाल करणारा आणि गीत लिहिणारा तिचा सभासद होऊ शकतो. चौघांपैकी ज्यांनी केलंय त्यांनी व्हा.

आणि चाल कुणाची, शब्द कुणाचे, वाटा किती, हे चौघांनी आजच एका साध्या कागदावर लिहून सह्या करा. गाणं अजून जरासंच चाललंय तोपर्यंत. खूप चाललं की मित्रांमध्ये हे लिहिता येत नाही, मी दोन बँड असे फुटताना बघितलेत, कंपनीमुळे नव्हे, या न लिहिलेल्या कागदामुळे.

साखळी : मी बारावीत आहे. गिटार वाजवून गातानाची माझी एक रील दोन लाख लोकांनी बघितली. त्यानंतरच्या कुठल्याच रीलला हजारसुद्धा नाहीत. आता गिटार हातात घेतली की आधी फोन कुठे ठेवू हेच डोक्यात येतं. मला वाजवावंसंच वाटत नाहीये.

बाय, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. तू काही चुकीचं केलेलं नाहीस. दोन लाख लोकांनी बघितलं हे खरं होतं, आणि नंतर बघितलं नाही यात तुझं वाजवणं खराब झालं असं कुठेच सिद्ध होत नाही. ते मशीन कुणाला काय दाखवायचं ते स्वतः ठरवतं. हजार म्हणशील तर स्पॉटिफायवर २०२४ पासून नियमच आहे की वर्षभरात हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला पैसेच मोजत नाहीत, म्हणजे जगभरात किती लोक याच रांगेत उभे आहेत बघ.

मला दोन बायका आठवतात. एक आपल्या कोकणी गायिका लोर्ना कॉर्देरो, संगीतकार ख्रिस पेरीबरोबरच्या त्यांच्या गाण्यांनी साठ-सत्तरच्या दशकात गोवा आणि मुंबई हलवून सोडली होती, मग कितीतरी वर्षं त्यांचं गाणं बंद होतं, आणि १९९५ ला 'हॅलो लोर्ना' घेऊन त्या परत आल्या तेव्हा लोक तिथेच होते, शब्दन् शब्द पाठ. दुसऱ्या केसरबाई, वर लिहिलंय त्यांच्याबद्दल. त्यांची रेकॉर्डिंग्ज त्यांच्या नावाच्या मानानं फार थोडी आहेत, कारण आपलं गाणं कुणी कुठे कसं ऐकावं याबद्दल त्या फार कडक होत्या. त्या १९७७ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या, व्हॉयेजर निघाले त्याच महिन्याच्या आसपास. त्यांचा आवाज आज मोजणारा कुणी नाही अशा जागी आहे.

तू एक कर. महिनाभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वाजव. घरात आजी असेल तर तिच्यासमोर वाजव. पाचगणीच्या बोर्डिंग स्कूलमध्ये एक पारशी मुलगा होता, फारुख बलसारा, शाळेतल्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, ऐकायला कोण तर बाकीची पोरं. पुढे तो क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला हे जग सांगतं, पण मी तुला त्या पाचगणीच्या मुलाबद्दल सांगतोय, ज्याला पुढचं काहीच माहीत नव्हतं आणि तरी संध्याकाळी पियानोवर बसायचा. महिन्यानं मला लिही. रील टाकायची की नाही ते तेव्हा बघू.

वास्को : रॉक मेलं का?

नाही. १९८६ पासून मुंबईत इंडिपेन्डन्स रॉक नावाचा रॉक बँडचा महोत्सव भरायचा, मी एकदा बसनं रात्रभर प्रवास करून रंगभवनला गेलो होतो, धोबी तलावच्या त्या उघड्या थिएटरमध्ये. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवन बंद पडलं, तेव्हाही लोक हेच विचारत होते. जागा मेली. पोरं दुसऱ्या जागी गेली.

वाळपई : मुलाला पहिली गिटार घ्यायचीय, बजेट सात-आठ हजार. रॉक शिकायचं म्हणतो. आणि आमच्याकडे पाऊस फार, जुन्या गिटारच्या तारा महिन्याभरात गंजल्या, दांडा वाकला. काय करावं?

तुमच्या सत्तरी तालुक्यातला पाऊस मला माहीत आहे. त्या बजेटमध्ये साधी अकूस्टिक (विजेविना वाजणारी) घ्या, स्टीलच्या तारांची, इलेक्ट्रिक नंतर, कारण इलेक्ट्रिकबरोबर अँपचा खर्च येतो आणि स्वस्त अँपवर पोराचा कान बिघडतो. दुकानात दांडा डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून बघा, सरळ आहे का. बाराव्या पडद्यावर तार दाबून बघा, फार उंच असेल तर पोराची बोटं सोलतील आणि तो दोन आठवड्यांत सोडून देईल, दुकानदाराला खाली करून द्यायला सांगा, चांगला असेल तो लगेच करून देतो.

पावसाचं म्हणाल तर गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, आपल्याकडे जूनपासून भिंती घामेजतात. केसमध्ये ठेवा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या डब्यात येतात त्या जमवल्या तरी चालतात, पण त्या ओल्या झाल्या की बदला. वाजवून झालं की प्रत्येक वेळी जुन्या सुती कपड्यानं एक-एक तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसायची, खालच्या बाजूनंसुद्धा, कारण बोटांचा घाम तिथेच बसतो आणि गंज तिथूनच चढतो. दांडा वाकला असेल तर टाकून देऊ नका, बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटारच्या आत एक लोखंडी सळई असते, ती पान्यानं थोडी थोडी पिळून सरळ करता येते, एकदम नाही, पाव फेरा आज, पाव फेरा उद्या. जुनी गिटार घेऊन एखाद्या रविवारी फोंड्याला या, मी करून देतो, आणि मुलाला बरोबर आणा, कसं करायचं ते तो बघून घेईल.